शेवटच्या बाकापर्यंत

आमच्या सासूबाई एकतीस वर्षं बसस्थानकावर बोलत होत्या, त्यामुळे घरी आल्यावर बोलायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. आणि बोलल्या तरी कशा? "जेवण तयार आहे. संबंधितांनी हात धुऊन यावे." संबंधित म्हणजे मी आणि माझा नवरा. दोनच माणसं, तीही समोरच बसलेली. लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करतायत, म्हणून मी खो खो हसले. त्या थट्टा करत नव्हत्या. पुढचे आठ दिवस आमच्या घरात फक्त भांडी वाजत होती.

काम मात्र चोख. काचेची छोटी खोली, डोक्यावर पंखा, समोर माइक, हाताशी वेळापत्रक. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सातवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." प्रत्येक घोषणा दोनदा. एकदा नाही, तीनदा नाही, दोनदाच. तसा नियम होता. शहरातल्या निम्म्या लोकांच्या कानात तो आवाज बसलेला. भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाली हमखास मान वर करायची, "बाई, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय हो!" सासूबाई त्यावर काही म्हणायच्या नाहीत, पण त्या दिवशी आमच्या चहात साखर जरा जास्त पडायची.

मी कानाच्या दवाखान्यात नोकरी करते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, ऐकू आलं की हात वर करा. दिवसभर माझ्यासमोर हात वर होतात आणि खाली होतात. म्हणजे बघा, घरातल्या एका बाईचा धंदा बोलायचा, दुसरीचा ऐकण्याचा, आणि दोघींमध्ये नऊ वर्षांत धड एकदाही गप्पा म्हणून झाल्या नाहीत. कर्म आमचं!

आता एक गोष्ट सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी कुणाला न विचारता लग्न उरकलं आणि मी एक बॅग घेऊन या घराच्या दारात येऊन उभी राहिले. सासूबाई ड्यूटीवर निघाल्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात डबा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला उजव्या बाजूला काढाव्यात." आणि गेल्या. बस्स. ना "ये", ना "बस", ना "कोण गं तू". मी उजव्या बाजूला चपला काढल्या आणि ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवून दिलं. मी डूख धरणारी बाई आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मशीन बसवलं. कुणा परक्या मुलीचा आधीच भरून ठेवलेला आवाज. सासूबाई एकदा मुद्दाम जाऊन ऐकून आल्या. "स्वच्छ आहे," एवढंच म्हणाल्या. मग हळूहळू भाजीवालीही मान वर करेनाशी झाली.

तर आमच्या शहरातल्या मोठ्या बागेत उन्हाळाभर दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला फुकट कार्यक्रम असतात. कधी गाणं, कधी नाच, कधी जादूवाला, कधी नाटक. मध्ये दगडी चौथरा, समोर उताराची हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकाला पाण्याच्या नळाजवळ एक शेवटचं बाकडं. तिकीट नाही, दार नाही. ऐकायला छान वाटतं, पण फुकटचा प्रेक्षक फार वाईट. पैसे मोजलेला माणूस कंटाळला तरी वसुलीसाठी बसून राहतो. फुकटच्याला ऐकू आलं नाही की तो उठतो आणि झोपाळ्यांकडे चालू लागतो. त्यात रस्त्यापलीकडे मोठं रुग्णालय, म्हणून माइक-भोंग्यांना बंदी. जे काय पोचवायचं ते आपल्या गळ्यानं.

बागेच्या फळ्यावर एक दिवस कागद लागला, हौशी नाटकासाठी माणसं हवीत, वयाची अट नाही. सासूबाईंनी तो वाचला आणि घरी येऊन जाहीर केलं, "रविवारी चार वाजता मी बाहेर जाणार आहे. नोंद घ्यावी." मी नोंद घेतली आणि गंमत बघायला मागोमाग गेले.

नाटक बसवणारे शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. गोष्ट साधी होती. रागावून घर सोडून गेलेली मुलगी खूप वर्षांनी परत येते आणि उंबऱ्यापाशी थबकते. आतून म्हातारी आई म्हणते, "दारात का उभी? आत ये. तुझंच घर आहे." या वाक्यावर नाटक संपतं. म्हातारीला सगळी मिळून अकरा वाक्यं. मास्तरांनी सासूबाईंच्या हातात कागद दिला आणि त्या चौथऱ्यावर चढल्या.

ओठ हलले. काहीही ऐकू आलं नाही. तिसऱ्या ओळीच्या मागे बसलेल्यांना तर बाई फक्त जांभई देतायत असं वाटलं असेल. मग त्या थांबल्या, आणि तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणाल्या.

"बाई, दोनदा का?" मास्तरांनी विचारलं.

"दोनदाच असतं," सासूबाई म्हणाल्या.

बागेच्या फाटकाशी फुलं विकणारी एक बाई तिथं होती. दरवर्षी नाटकात असते. आवाज असा, की फाटकातून बोलली तर तळ्यावरचे बगळे उडावेत. ती म्हणाली, "स्टँडवरच्या बाई ना या? अहो, तो आवाज यांचा नव्हता, भोंग्याचा होता!" सगळे हसले. मीही हसले. मग माझं लक्ष सासूबाईंच्या तोंडाकडे गेलं आणि माझं हसू तिथंच थिजलं. नऊ वर्षांत त्या चेहऱ्यावर मी काही म्हणजे काही हललेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा हललं.

मास्तर भला माणूस. म्हणाले, "प्रयोग तीन आठवड्यांनी, रविवारी. आदल्या शनिवारी मी त्या शेवटच्या बाकावर बसणार. तिथं तुमची अकराच्या अकरा वाक्यं ऐकू आली तर काम तुमचं. नाहीतर फुलवाल्या बाई करतील."

घरी जाताना सासूबाई कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी एकदम थांबल्या. "एकतीस वर्षं बोलले मी. तो आवाज माझा होता की भोंग्याचा, ते मला कळलंच पाहिजे. उद्या सकाळी सहाला बागेत जायचं. तू शेवटच्या बाकावर बस. कानांचं तुला समजतं."

"मी?"

"उपस्थित राहावे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मला नाही म्हणता आलं असतं. माझी ड्यूटी नऊला सुरू होते, सकाळची झोप मला प्यारी आहे, आणि त्या बाईचं मी काही देणं लागत नव्हते. पण मी हसले होते ना! ते मला रात्रभर टोचत राहिलं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून जो घोळ घातला त्याला तोड नाही. त्या चौथऱ्यावर, मी बाकावर. ठरलं होतं की मी हातानं खूण करायची. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं. पुसटसं का होईना, आलं, म्हणून मी हात वर केला. दवाखान्यातली सवय, ऐकू आलं की हात वर! त्यांना वाटलं, ऐकू येत नाही. त्या ओरडल्या. मी आणखी उत्साहानं हात वर केला. त्या किंचाळल्या. मी उभी राहून दोन्ही हात हलवले. वीस मिनिटं हा तमाशा चालला. बागेचा राखणदार धावत आला, त्याला वाटलं म्हातारीला कुणी लुटतंय. शेवटी त्या घसा धरून खाली उतरल्या आणि माझ्यापर्यंत आल्या. आवाज पार बसलेला.

"अगं, एवढं ओरडले तरी ऐकू येत नाही?"

"सगळं येत होतं की! म्हणून तर हात वर करत होते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता संपलं. पण त्या बाकावर बसल्या आणि त्यांच्या बसलेल्या घशातून एक चमत्कारिक आवाज यायला लागला. मला कळायला वेळ लागला की बाई हसतायत. मग आम्ही पक्कं ठरवलं, ऐकू आलं नाही तरच हात वर करायचा. आलं तर हात मांडीवर.

दोन दिवस त्यांना बोलताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं असताना त्या दारात तयार उभ्या. मी म्हटलं, "आई, घसा बरा होऊ द्या." तर म्हणाल्या, "घसा वाटेत बरा होईल."

मग मीही पदर खोचला. लांबून काय ऐकू येत नाही, हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. मी सांगितलं, "ओरडू नका. ओरडलं की नुसता आ-ई-ऊ पोचतो, शब्द पोचत नाहीत. स, फ, थ ही अक्षरं वाटेतच मरतात, ती जरा जपून टाका. आणि वाक्याचा शेवट गिळू नका." माइकसमोर बसून बसून त्यांना शेवट खाली सोडायची सवय झाली होती. "आत ये" म्हटलं की माझ्यापर्यंत "आत" यायचं आणि "ये" गवतात पडायचं. माझा हात वर. पुन्हा. हात वर. पुन्हा. एका "ये"साठी आम्ही चार सकाळी घालवल्या. मी बाकावर मटार सोलत बसायची, एक हात मटारात आणि एक हात हवेत. रोज फिरायला येणारे एक आजोबा तर मला नमस्कारच करायला लागले. त्यांना वाटलं मी त्यांना हात दाखवते.

आणि बाईंचा हट्ट बघा. अंघोळीला गेल्या की आतून "ये". गॅस पेटवताना "ये". माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो, दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर ऐकून आलेला माणूस. तो एकदा जेवता जेवता उठला आणि आत जाऊन विचारून आला, "काय गं आई, बोलावलंस?"

तरीही काहीतरी अडत होतं. शब्द येत होते, पण रस्त्यावरची पाटी वाचल्यासारखे. नवव्या दिवशी मी न राहवून म्हटलं, "आई, तुम्ही बघता कुठे बोलताना?"

"समोर."

"समोर कुठे? समोर मी आहे. माझ्याकडे बघून बोला."

त्या म्हणाल्या, "काचेच्या आत समोर कुणी नसतं गं. कुणाकडे बघायचं नसतं. बघितलं तर आवाज हलतो."

"हलला तर काय बिघडलं?"

त्या चौथऱ्यावरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी सोलत होते त्यातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलू लागल्या. "एकदा हलला होता. हा, तुझा नवरा, एकवीस वर्षांचा होता. नोकरीसाठी पहिल्यांदा लांब चालला होता. सहा चाळीसची गाडी, फलाट सात. मला खोली सोडून जाता येईना. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मी घोषणा केली. दोनदा केली. गाडी हलली. आणि मी तिसऱ्यांदा केली. ड्रायव्हरला वाटलं काही गडबड आहे, त्यानं गाडी थांबवली. ह्यानं खिडकीतून मागे वळून बघितलं." त्यांनी शेंगेतला शेवटचा दाणा काढला. "मला मेमो मिळाला. नियमापेक्षा अधिक वेळा घोषणा करून वाहतुकीस अडथळा आणला म्हणून. एकतीस वर्षांत एकच मेमो. पेन्शनच्या कागदांच्या खणात आहे."

"ह्यांना माहीत आहे हे?"

"त्याला काय सांगायचं?"

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. मुलासाठी गाडी थांबवता येते, आणि सून दारात आली तेव्हा साधं "ये" म्हणता येत नव्हतं? पण राग आला तरी त्यांच्याशेजारी बसून मटार सोलताना तो पूर्वीसारखा घट्ट बसेना. "चला," मी म्हटलं, "वर चढा. आणि माझ्याकडे बघा." त्या चढल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून अकरा वाक्यं म्हटली. माझा हात तीनदाच वर गेला.

शनिवारी मास्तर शेवटच्या बाकावर बसले, मी शेजारी. अकरा वाक्यं झाली. मास्तर उठून उभे राहिले आणि लांबून ओरडले, "बाई, पोचलं! सगळं पोचलं! फक्त उद्या एकेकदाच म्हणा, हं!" फुलवाली कठड्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पोचलं खरं," आणि पाण्याची बाटली घेऊन सासूबाईंकडे गेली. मी तिला मनातल्या मनात अर्धं माफ केलं.

रविवारी बाग फुलून गेली होती. पोरं, सायकली, चादरी, कुत्री. माझा नवरा पहिल्या ओळीत बसला. मी म्हटलं मी मागेच बसते. शेवटचं बाकडं मी चार वाजल्यापासून पिशवी ठेवून धरलं होतं.

सासूबाई चौथऱ्यावर आल्या. पहिलं वाक्य तोंडात आलं आणि नेमका आइस्क्रीमवाला घंटा वाजवत हिरवळीच्या कडेनं निघाला. आता गेलं, मी म्हटलं. माझ्या पुढचं एक कुटुंब आधीच चादर झटकायला लागलं होतं. पण बाई थांबल्या. अगदी शांत उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी हॉर्न आणि इंजिनं ओसरायची वाट बघितली होती, एक घंटा त्यांना काय घाबरवणार? घंटा झोपाळ्यांपलीकडे गेली आणि त्यांनी वाक्य टाकलं. स आला, थ आला, शेवटही आला. पुढच्या कुटुंबानं चादर पुन्हा अंथरली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. दुसरं वाक्य आलं. पाचवं आलं. नववं आलं. एकही दोनदा नाही. कुणी उठलं नाही. माझ्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे, चौथरा नीट दिसेना.

मग शेवट. मुलीचं काम करणारी पोरगी बॅग घेऊन उंबऱ्यापाशी थबकली. सासूबाई वळल्या. पोरीकडे बघायचं होतं, तसं मास्तरांनी शिकवलं होतं. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून, सगळ्या हिरवळीवरून, थेट शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"दारात का उभी? आत ये. तुझंच घर आहे."

मला ऐकू आलं. शब्दन् शब्द ऐकू आला. "ये"सुद्धा पुरता आला, इतका पुरता की छातीत जाऊन बसला. आणि मी हात वर केला.

का केला? पुन्हा ऐकायचं होतं म्हणून केला. नऊ वर्षं थांबले होते, एकदा ऐकून माझं भागणार नव्हतं.

त्यांनी हात पाहिला. खाली मास्तर "एकदाच, एकदाच" म्हणून बोट दाखवत होते. सासूबाईंनी मास्तरांकडे बघितलंही नाही. "दारात का उभी? आत ये. तुझंच घर आहे." आवाज हलला होता.

माझा हात वरच होता. खाली येईना, काय करू? दोनदा झालं होतं. नियम संपला होता. बॅगवाली पोरगी गोंधळून आत जाऊ की नको करत उभी होती. आणि सासूबाई दोन पावलं पुढे आल्या, चौथऱ्याच्या अगदी कडेला, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या. हळू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, तरी आलं. मी हात खाली घेतला आणि तोंडावर धरला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. लोकांना वाटलं नाटकच तसं आहे, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नंतर चौथऱ्याखाली गर्दी जमली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय." सासूबाई म्हणाल्या, "ऐकला असेल. माझाच आहे."

घरी जाताना माझा नवरा पुढे गेला होता. आम्ही दोघी मागून चालत होतो. दिव्याच्या खांबापाशी त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का गं?"

"आलं होतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही आलं होतं."

माझ्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. मी म्हटलं, "मास्तर चिडलेत हं, आई. आता मेमो देतील तुम्हाला."

"देऊ दे," त्या म्हणाल्या. "पहिला आहेच खणात. त्याच्याशेजारी ठेवीन."